पाच किलो आणि एकोणपन्नास न्यूटन

परवा माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा १९७६-७७ सालची माझी गुणनोंद वही हाती लागली. इयत्ता आठवी, विषय सामान्य विज्ञान. विज्ञान आणि मी? घरच्यांना हसू येईल. मी बी.ए., विषय इतिहास, तोही मराठी माध्यमातून. पण त्या वर्षी आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मध्येच नोकरी सोडून गेले, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "सर, एवढं वर्षभर सांभाळून घ्या." सांभाळून घेतले. कसे घेतले ते आज सांगतो.

सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न होता. एका दगडाचे वस्तुमान ५ किलोग्रॅम आहे, तर त्याचे वजन किती? गुण दोन. उत्तरसूचीत लिहिले होते "५ किलोग्रॅम-वजन". तो शेवटचा 'वजन' हा शब्द मला छापखान्याचा फापटपसारा वाटला. पाच किलोचे वजन पाच किलो, झाले! एका मुलाने मात्र लिहिले होते : ५ × ९.८ = ४९ न्यूटन. मी लाल शाईने फुली मारली आणि शून्य दिले.

मुलगा पेपर घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, "सर, दादाच्या पुस्तकात असंच आहे." मला त्याचे पुढे ऐकून घ्यायचेच नव्हते, कारण मला त्यातले काही येत नव्हते. मी म्हणालो, "उद्या वाण्याकडे जाऊन एकोणपन्नास न्यूटन साखर माग बरं!" सगळा वर्ग हसला. तो गुपचूप जाऊन बसला, आणि वर्षभर त्याने पुन्हा एकही शंका विचारली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाला मला पाठवले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नेमके हेच आले, आणि माझे कान गरम झाले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच्या वडिलांची बदली झालेली. मुलगा गावात नव्हता.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. एखाद्याला गड-किल्ल्यांचे वेड असते तसे मला या किलोचे लागले. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे मला त्याच्या गणितापेक्षा प्रश्न वेगळाच पडला : हा घोळ मुळात घातला कोणी?

आधी आपल्याकडचे पाहू. माझ्या लहानपणी शेर होता, आणि तोही दोन प्रकारचा. गूळ, तेल, साखर वाण्याच्या तागडीत वजनाच्या शेराने मिळे. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, चाळीस शेरांचा मण. पण धान्य मात्र मापाने. तिथे चार शेरांची पायली, आणि हा शेर म्हणजे भांडे भरून येईल तेवढे. जोंधळ्याचा शेर आणि गुळाचा शेर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाव तेवढे एक! आणि तरी आमच्या आजीचा कधी गोंधळ झाला नाही, कारण समोर काय आहे त्यावरून तिला कळे. एकच शब्द दोन कामे करतो तेव्हा रोजच्या व्यवहारात काही बिघडत नाही. बिघडते ते हिशेब कागदावर आला की.

किलोचे नेमके हेच झाले आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर नवी मापे आली. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यात ग्रॅमची व्याख्या दिली ती अशी, की मीटरच्या शंभराव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनात मावणाऱ्या शुद्ध पाण्याचे, बर्फ वितळते त्या तापमानाला असलेले निरपेक्ष वजन. शब्द पाहा, 'वजन'! याच कामासाठी पाणी तोलायला सुरुवात करणाऱ्यांत लाव्हाझिए हा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. व्याख्या कायद्यात यायच्या आधीच, मे १७९४ मध्ये, क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला. उरलेले काम दुसऱ्यांनी पुरे केले आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा एक किलोग्रॅम पॅरिसच्या अभिलेखागारात ठेवला गेला.

त्यांना फरक माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, १६७२ मध्ये, झाँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ केयेनला गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात दोष नव्हता. तिथे पृथ्वीची ओढच कमी होती. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात ही हकीकत वापरली आणि सांगितले की वस्तूतला द्रव्यसंचय वेगळा आणि तिच्यावरची पृथ्वीची ओढ वेगळी. पहिले तुम्ही कुठेही न्या, बदलत नाही. दुसरे जागेप्रमाणे बदलते. पहिले वस्तुमान, दुसरे वजन.

पण त्याच न्यूटनने आणखी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो. सारख्या पेट्यांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा वस्तू घालून त्याने लंबक केले आणि झुलवून पाहिले. सगळे एकाच तालात झुलले. म्हणजे एका जागी उभे राहून पाहाल तर वजन आणि वस्तुमान यांचे प्रमाण कुठल्याही पदार्थाला सारखेच. सोन्याला वेगळे आणि गव्हाला वेगळे असे नाही. हे प्रमाण इतके पक्के आहे म्हणूनच आपण दोन्हींना एक नाव देऊन शतकानुशतके खपवून नेऊ शकलो. ते जरा जरी डळमळीत असते तर वाण्यांनीच आरडाओरडा करून दोन शब्द पाडून घेतले असते.

त्यातून दोन पारड्यांचा तराजू ही फार हुशार वस्तू आहे. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात लोखंडी किलो. पृथ्वी दोन्हींना ओढते. ओढ कमी झाली तर दोन्हींची सारखीच कमी होते, काटा मध्येच राहतो. चंद्रावर दुकान थाटले तरी किलोला किलोच मिळेल. म्हणजे तागडी वजन करते असे आपण म्हणतो, पण तुलना करते ती वस्तुमानाची. ताणकाट्याचे तसे नाही. रद्दीवाल्याच्या हातातला तो आकडीचा काटा आठवा. त्यात स्प्रिंग ताणली जाते, आणि स्प्रिंगला फक्त ओढ कळते. तो मोजतो बल, आणि पट्टीवर लिहिलेले असते किलो.

माझा तो वाण्याचा विनोद इथे माझ्यावरच उलटतो. तागडीवर साखर घेतली तर किलो बरोबर. पण ताणकाट्यावर घेतली तर ती न्यूटनमध्येच मोजली जाते, कोणी बोलत नाही एवढेच!

असो. एकोणिसाव्या शतकात इंजिने आली, लोखंडी पूल आले, आणि इंजिनियर लोकांना बल मोजायला एकक हवे झाले. त्यांनी हाताशी होते तेच घेतले. एक किलो वस्तुमानावर पृथ्वीची जेवढी ओढ तेवढे बल म्हणजे एक किलोग्रॅम-वजन. सोयीचे, पण पॅरिसचे किलोग्रॅम-वजन आणि केयेनचे किलोग्रॅम-वजन एक नव्हे. शास्त्रज्ञांना हे पटेना. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने जागेवर अवलंबून नसलेले एकक सुचवले, डाइन. एक ग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला सेकंदास एक सेंटिमीटरने वाढवील ते बल. नाव ग्रीक, बल या अर्थाचे. आमच्या पिढीने शाळेत हेच डाइन पाठ केले. एकक भलतेच लहान, एका मिलिग्रॅमला तळहातावर पेलायला जवळजवळ एक डाइन लागतो. डासाला पुरेल, दगडाला नाही.

अखेर १९०१ मध्ये पॅरिसला मापांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने चक्क जाहीरनामा काढला. 'वजन' हा शब्द कधी वस्तुमानासाठी तर कधी बलासाठी वापरला जातो, हा संदिग्धपणा संपवायचा म्हणून तीन गोष्टी ठरल्या. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक. वजन ही बलाच्या जातीची राशी, वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. आणि प्रमाण गुरुत्व त्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

हा शेवटचा आकडा म्हणजे आपला तो ९.८. समुद्रसपाटीला ४५ अंश अक्षांशावर असलेली ओढ म्हणून तो काढला होता. पुढे मोजमापे सुधारली तेव्हा तिथली खरी ओढ ९.८०६२ च्या आसपास निघाली. पण आकडा बदलला नाही, आणि ते योग्यच केले. तो आता निसर्गाचा आकडा राहिलेला नव्हता, करारातला झाला होता. आपल्याकडच्या मुंबईला ही ओढ सुमारे ९.७९, लंडनला ९.८१, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३. म्हणजे ध्रुवावर जुळवलेल्या ताणकाट्याने विषुववृत्तावर किलोभर वस्तू तोलली तर पाच ग्रॅम कमी भरेल.

डाइन लहान म्हणून मोठे एकक आले. एक किलो वस्तुमानाला एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारे बल. १९४८ च्या परिषदेत त्याला न्यूटन हे नाव मिळाले. एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन. आता रूपांतर आपोआप येते. एक किलोग्रॅम-वजन म्हणजे ९.८०६६५ न्यूटन. उलट, एक न्यूटन म्हणजे सुमारे १०२ ग्रॅम वस्तूवरची पृथ्वीची ओढ. साठ किलोच्या माणसाचे वजन सुमारे ५८८ न्यूटन. किलोवरून न्यूटनकडे जाताना गुणा, न्यूटनवरून किलोग्रॅम-वजनाकडे येताना भागा. हे मी पुढे तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले, आणि कुणी उलटे केले की विचारी, "तुझं उत्तर हातात धरून बघ. जड लागतं का हलकं?"

इंजिनियर मंडळी मात्र ऐकायला तयार नव्हती. जर्मनांनी किलोग्रॅम-वजनाला 'किलोपाँड' असे वेगळे नाव देऊन निदान नावाचा घोळ तरी मिटवला. आणखी एक गंमत म्हणजे बलाचे एकक किलो धरले की वस्तुमानाला नवे एकक लागते, आणि ते येते ९.८०६६५ किलोग्रॅमचे. त्या हिशेबाने साठ किलोचा माणूस सहा पूर्णांक काहीतरी भरतो. हे एकक पुस्तकात होते. त्याने बटाटे विकत घेतलेला माणूस माझ्या ऐकिवात नाही. मोटारींच्या जाहिरातींत युरोपची जी अश्वशक्ती असते तीही याच कुळातली. पंचाहत्तर किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणे, म्हणजे सुमारे ७३५.५ वॉट.

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने दुकानात आला. मी तेव्हा लहान होतो, पण आमच्या वाण्याकडे नवी, चकचकीत वजने आलेली मला आठवतात. बायका पावशेर मागत आणि तो २५० ग्रॅमचे वजन टाकी. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा. जास्त सतरा ग्रॅमचे पैसे तो लावी, आणि त्यावरून रोज वाद! आपल्या कायद्यांच्या नावात 'वजने व मापे' असे होते आणि आत किलोग्रॅम वस्तुमानाचे एकक म्हणून होता, हे मला फार उशिरा कळले.

बांधकामातले उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे. काँक्रीटच्या भारतीय मानकात १९६४ साली एम १५०, एम २०० अशी नावे होती. एम २०० म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर २०० किलोग्रॅम-वजन सोसणारे. १९७८ च्या आवृत्तीत तेच एम १५, एम २० झाले, कारण आकडे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये आले. ९.८०६६५ ने काटेकोर हिशेब केला तर २०० चे १९.६ होतात. तिथे सरळ वीस धरले. ज्या गवंड्याला दोनशे नंबरची सवय होती त्याला हे वीस ऐकून काय वाटले असेल? एक शून्य ठेकेदाराने खाल्ले अशीच शंका आली असणार.

सगळीकडे मात्र असे निभावत नाही. अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले यान २३ सप्टेंबर १९९९ ला नष्ट झाले ते बलाच्या एककापायी. जमिनीवरच्या एका संगणक प्रणालीने रेट्याचे आकडे पौंड-बलात दिले, दुसरीने ते न्यूटन समजून घेतले. एक पौंड-बल म्हणजे ४.४५ न्यूटन. हा आकडा कुठून येतो? पौंडाचे ०.४५३६ किलो, त्याला ९.८०६६५ ने गुणा. तेच गुणाकाराचे गणित. यान ठरल्यापेक्षा फार खाली, मंगळापासून ५७ किलोमीटरवर आले. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. तेव्हा मला आठवण कुणाची झाली ते सांगायला नको.

भाषेकडे पाहिले तर मराठीला हा फरक कळतो असे मला वाटते. 'वजन' शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि आपण तो वापरतो कशासाठी? "त्यांचं कचेरीत वजन आहे." कागदावर 'वजन' ठेवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. दोन्हीकडे अर्थ बलाचाच आहे, कुणीतरी कुणाला ढकलण्याचा! आणि बदली झाली की ते वजन जाते, माणसाचे वस्तुमान मात्र तेवढेच राहते. वर्गात हे सांगितले की मुले हसत, आणि ते हसणे मला चालत असे.

१८८९ पासून जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ३९ मिलिमीटर उंचीचा दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ ला तो दंडगोल निवृत्त झाला आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरू लागला. ते प्रत्यक्षात आणायचा एक मार्ग म्हणजे ब्रायन किबल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाचा तराजू. त्यात एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या प्रवाहाने निर्माण केलेले बल. म्हणजे वस्तुमान शोधायचे, पण तोलायचे बलाशी. मग त्या खोलीतले गुरुत्व त्वरण नेमके किती हे आधी मोजावेच लागते, निर्वात नळीत वस्तू खाली पडू देऊन. १९०१ मध्ये ज्या दोघांना वेगळे काढले त्यांना प्रयोगशाळेत पुन्हा एकत्र आणावे लागले. तिथे मात्र ९.८ म्हणून चालत नाही.

त्या वहीत त्या मुलाचे सहामाहीचे एकूण गुण ४१ आहेत. मी शेजारी पेन्सिलीने ४३ लिहिले. नंबरात फरक पडत नाही, तो तसाही पहिलाच होता.

त्याच ट्रंकेत आजोबांचे लोखंडी पावशेरही निघाले. मुलीने लंडनहून आणलेल्या स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवले. हा काटाही आतून बलच मोजतो. २३३.३ भरायला हवे होते, दाखवले २३१. काटा लंडनच्या ओढीला जुळवलेला असेल असे धरले तर ठाण्यात अर्ध्या-पाऊण ग्रॅमची तूट त्यामुळे. बाकीचा दीड-पावणेदोन ग्रॅम पन्नास-साठ वर्षांच्या झिजेने आणि गंजाने गेला असेल, किंवा आजोबांनी ते घेतले तेव्हाच ते तसे होते. सूनबाई म्हणते काट्याची बॅटरी उतरली आहे. नवी आणली की पुन्हा ठेवून बघतो.